डाव्या हाताचा कोयता

कोयता घ्यायला नवऱ्याला बरोबर नेलं, हीच पहिली चूक. घरी ठेवला असता तर दिवसभर खाटेवर बसून भिंतीशी भांडला असता, म्हणून नेला. लोहाराच्या अंगणात पाऊल टाकताच त्याने जे तोंड उघडलं ते मिटायचं नावच घेईना.

"आधी नाक बघ. कोयत्याला नाक हवं, झुडूप ओढून घेता आलं पाहिजे. मग पाठ बघ, जाड आहे का. मग वाजवून बघ. अशी टिचकी मारायची. ऐक, ऐक! हा बोलतोय. आणि हा बघ, मुका. मुका घ्यायचा नाही."

"घरात एक बोलणारा आहे तेवढा पुरे," मी म्हटलं.

लोहार भात्याआडून हसला. भिंतीवर खिळ्यांना कोयते टांगलेले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि खाली टोपलीत मुठी. कोळशाचा आणि तापल्या लोखंडाचा वास होता. मला तो वास आवडला. नवऱ्याला सांगितलं नाही, नाहीतर वासावरही भाषण झालं असतं.

नवरा लग्नाआधीपासून जाळरेषेच्या टोळीत. जाळरेषा म्हणजे रानातून काढलेला मोकळा पट्टा. उन्हाळ्यात एका अंगाला आग लागली तर ती पट्ट्याशी येऊन उपाशी मरावी, म्हणून तिथलं झाडझुडूप दरवर्षी साफ करायचं. अशाच कामात एक लोंबती फांदी उतरवताना तो पडला आणि उजवा खांदा असा मोडला की आता त्या हाताने तांब्यासुद्धा कानाच्या वर जात नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हात जेवायला चालेल, कोयता विसरा. आम्ही राहतो ती रानाच्या कडेची खोली टोळीची. माणूस टोळीत नाही तर खोलीही नाही. पण टोळीत एक रीत आहे: कामात मोडलेल्या माणसाची जागा आधी त्याच्या घरच्यांना विचारायची. मुकादमाने पसंत केलं तर जागा राहिली, आणि जागा राहिली की खोली राहिली.

नाहीतर मग नणंद होतीच. तिच्या शहरातल्या घराच्या गच्चीवर अडगळीची एक पत्र्याची खोली होती. "आमची अडगळ हलवू की, तुमच्यापेक्षा का अडगळ जास्त?" असं ती फोनवर इतक्या मायेने म्हणाली की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याने फोन ठेवला आणि त्या दिवशी तो जेवला नाही. रानाबाहेर, पत्र्याखाली, बहिणीच्या उपकारावर हा माणूस वर्षभर टिकणार नाही, हे मला तेव्हाच कळलं. म्हणून मी मुकादमाकडे गेले. तो म्हणाला, कोयता घेऊन ये, काम बघतो. मी आधी कपड्यांच्या कारखान्यात कापणीच्या टेबलावर होते. कारखाना बंद पडला, पण माझी मनगटं काही बंद पडली नव्हती.

टोळीची आणखी एक रीत म्हणजे आपला कोयता आपण निवडायचा. दुसऱ्याने निवडलेल्या कोयत्याने पाय कापला तर शिव्या कुणाला द्यायच्या, एवढाच त्यामागचा विचार असावा. नवरा ही रीत मला समजावून सांगत होता, आणि सांगता सांगताच त्याने कोयता निवडूनही टाकला. भिंतीवरचा सगळ्यात मोठा. लांब पातं, जाड पाठ, वाकडं नाक.

"हा जड आहे," मी म्हटलं.

"जडच हवा. कोयता पडला पाहिजे, आपण मारायचा नसतो. रांगेत माझ्या मधल्या जागेवर उभी राहशील तेव्हा माझी आठवण काढशील."

लोहाराने अंगणातल्या ओंडक्यावर मनगटाएवढी एक फांदी ठेवली. त्याच्याकडे घाव घालून बघितल्याशिवाय कोयता देत नसत. मी कोयता डाव्या हातात घेतला. मी सगळं डाव्यानेच करते, जेवण सोडून. घाव घातला तर पातं फांदीवरून घसरलं आणि ओंडक्यात जाऊन रुतलं.

"हात बसायचाय अजून," लोहार म्हणाला.

"बसेल," नवरा म्हणाला.

दोन जाणते पुरुष एकमेकांकडे बघून माना डोलवत होते. मीही मान डोलवली. उचलली जीभ लावली टाळ्याला असं माझं नेहमी होतं, नेमकी त्या दिवशी मी गप्प बसले.

दुसऱ्या सकाळी टोळी रांगेत उभी राहिली. पट्ट्याच्या रुंदीभर आडवी रांग, प्रत्येकाच्या समोर आपापली पट्टी, आणि सगळ्यांनी एकदम पुढे सरकायचं. डाव्या हाताने झुडूप धरायचं, उजव्याने बुडाशी कोयता घालायचा, कापलेलं डावीकडे फेकायचं, पुढचं पाऊल. मुकादम बुटका, मिशाळ माणूस. तोंडातली शिट्टी न काढताच बोलायचा, त्यामुळे त्याच्या शिव्यांनाही एक बारीक सूर यायचा. रांगेच्या मागे, डाव्या कडेने, लांब आकडी घेऊन एक मामा चालत. टोळीच्या शेवटी म्हणून सगळे त्यांना शेपटीमामा म्हणत. डाव्या टोकाच्या माणसाने फेकलेलं सगळं पट्ट्याबाहेर, थेट रानात जाऊन पडायचं. ते तिथेच वाळलं तर आगीला आयतं सरपण. म्हणून मामा दिवसभर वाकून तो काटेरी पसारा आकडीने परत आत ओढत, आणि मधे ढीग लावत. ढीग मग पहारा ठेवून जाळायचे.

मला नवऱ्याच्या जागेवर, मधोमध उभं केलं. माझ्या डाव्या अंगाला काडी म्हणून एक किडकिडीत माणूस होता, उजवीकडे त्याची बायको.

काय सांगू त्या दिवसाचं! नाकापेक्षा मोती जड, तशी गत. कोयता उचलण्यातच माझा जीव जायचा, आणि उचलून घातला तरी तो लाकडात शिरेना. खोडाशी जाऊन बाहेरच्या बाजूला घसरायचा. जिथे काडीला एक घाव लागे तिथे मला चार. एकदा तो घसरला तो थेट माझ्या नडगीकडे. पाय मागे घेतला म्हणून वाचले. शिवाय काडीचा उजवा हात आणि माझा डावा हात एकाच फटीत चालत होते. त्याने दोनदा ओरडून उडी मारली.

"ताई, माझे दोन्ही कान मला हवेत!"

मुकादम आला. "उजव्याने काप."

उजव्याने कापलं. त्या हाताने मी आयुष्यात घास सोडून काही उचललेलं नाही. कोयता हातातून निसटला आणि काडीच्या बायकोसमोर जाऊन पडला. तिने तो उचलून माझ्या हातात दिला, मूठ माझ्याकडे करून, एक शब्द न बोलता. शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मुकादम शिट्टीतून म्हणाला, "तुझ्या नवऱ्यासाठी मी एवढं केलं. उद्याचा दिवस बघतो. मग मला दुसरा माणूस घ्यावा लागेल. रांग एका माणसासाठी थांबत नाही."

घरी नवरा दारातच होता. माझा चेहरा बघून त्याने काही विचारलं नाही, आणि तो काही विचारत नाही म्हणजे प्रकरण किती गेलेलं आहे ते मला कळलं. त्याने पाणी तापवून ठेवलं होतं, डाव्या हाताने. अर्धं जमिनीवर सांडलेलं दिसत होतं. मला रडू आलं, पण मी ते रागावर नेलं.

"नाचता येईना अंगण वाकडं म्हणशील, पण हा कोयताच वाकडा आहे."

"हा? याच्यासारखा कोयता अख्ख्या टोळीत नाही."

"मग टोळीला दे."

मी उंबऱ्यावर बसून पात्याला दगड लावायला घेतला. निदान धार तरी करू. एका बाजूने दगड सपाट बसला. कोयता उलटा केला, तर दुसऱ्या बाजूने तो तिरका बसला. पुन्हा उलटा केला. एक बाजू सरळ, गुळगुळीत, भिंतीसारखी. दुसऱ्या बाजूला मात्र धारेपर्यंत उतार. म्हणजे धार एकाच अंगाने लावलेली होती.

कारखान्यात माझी कात्री वेगळी होती. डाव्या हाताची, पाती उलटी बसवलेली. नव्या मुली ती चुकून उचलायच्या आणि कापड चावलं, चावलं म्हणून बोंब मारायच्या. उजव्या हाताची कात्री डाव्यात घेतली की दोन पाती एकमेकांपासून दूर जातात आणि कापड मधे दुमडतं, हे मला झोपेतही ठाऊक आहे. पण कात्रीला दोन पाती. कोयत्याला एकच. एका पात्याला कसली आली बाजू, असं धरून मी चालले होते. उजव्या हातात याची सपाट बाजू आत येते आणि पातं लाकडात शिरतं. डाव्या हातात उतार आत येतो आणि ते बाहेर ढकललं जातं. घोडं इथे पेंड खात होतं तर!

"टोळीत डावखुरं कुणी नव्हतं कधी?" मी विचारलं.

"होते की. काडी मुळात डावखुराच."

"तो तर उजव्याने कापतो."

"शिकला. सगळे शिकतात. रानात उजवाच हात चालतो."

"का?"

नवऱ्याने माझ्या हातातला कोयता घेतला आणि उलटासुलटा करून बघितला. नाक, पाठ, आवाज, वजन, मूठ, सगळं बघायला शिकवणाऱ्या या माणसाने धार कुठल्या बाजूला आहे हे कधीच बघितलं नव्हतं. त्याचा तरी काय दोष? पाणी ओलं आहे का हे कोण बघतं?

उजेड होता तोवर मी लोहाराकडे पोचले. या वेळी एकटी.

लोहाराने ऐकून घेतलं, कोयता डोळ्यासमोर आडवा धरला आणि म्हणाला, "अशीच असते धार. माझा बाप अशीच लावायचा."

"बाप उजवा होता का?"

"हो."

"मग बरोबरच लावायचा. मला दुसऱ्या बाजूने लावून द्या."

"उलटी? तू उद्या काम सोडलंस तर उलटा कोयता मी कुणाला विकू?"

"सोडत नाही."

त्याने कोपऱ्यातली एक पेटी पायाने पुढे सरकवली. तिच्यात नुसती पाती होती, ठोकून तयार, पण धार न लावलेली. दोन्ही बाजूंनी सारखी, अजून कुणाचीच न झालेली. "निवड," तो म्हणाला.

मी खाली बसले आणि एकेक पातं हातात घेतलं. नाक बघितलं नाही, टिचकी मारली नाही. नवी कात्री घ्यायची तेव्हा मी करायचे तेच केलं. डोळे मिटून हात समोर सरळ धरला आणि मनगट कुठे वाकतं ते जोखत राहिले. मोठ्या पात्यांनी मनगट लगेच खाली जायचं. एकदम लहान होती त्यांनी काहीच व्हायचं नाही, म्हणजे घावाला वजन नाही. मग एक मधलं हातात आलं. नाक जेमतेम, पोट थोडं रुंद, वजन पुढच्या टोकाऐवजी मधे. हात समोर धरला तसाच राहिला. मी मनातल्या मनात बरंच काही मोजलं, शंभर शर्टांच्या बाह्या तरी कापून झाल्या असतील, तरी मनगट हललं नाही.

"हे."

"हे बारक्या कामाचं आहे. रानात लोक हसतील."

"हसू देत. हसताना त्यांचे हात थांबतील, तेवढीच मी पुढे जाईन."

लोहार पुन्हा हसला आणि भात्याकडे वळला. जड कोयता परत भिंतीवर गेला. धार लावताना दोनदा त्याचा हात सवयीने जुन्याच बाजूला गेला, दोन्ही वेळा मी ओरडले. शेवटी मूठ बसवून ओंडक्यावर त्याने कालसारखीच फांदी ठेवली. मी घाव घातला. फांदीचे दोन तुकडे झाले आणि एक उडून त्याच्या पाण्याच्या पिंपात पडला. आम्ही दोघं त्या पिंपाकडे बघत उभे राहिलो. मला इतका आनंद झाला की मी त्याला न विचारताच आणखी दोन फांद्या कापल्या.

घरी नवऱ्याने नवा कोयता बघितला. "हा काय, भाजी चिरायला?" एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. त्याच्या निवडीला मी नाही म्हटलं होतं, ते त्याला लागलं. मलाही वाईट वाटलं. पण त्याच्या मानासाठी त्याचीच खोली घालवावी इतकी काही मी भली बाई नाही.

सकाळी रांगेत उभी राहिले. काडीने कोयता बघून दात काढले. शिट्टी वाजली. मी पहिलं झुडूप धरलं, घाव घातला, आणि ते हातात आलं. दुसरं आलं. तिसरंही. कालच्या लाकडात आणि आजच्या लाकडात काही फरक नव्हता, पण पातं आत शिरत होतं, गुपचूप, भांडण न करता. काडीचे दात आत गेले. मी त्याच्या बरोबरीने सरकत होते, आणि थोड्याच वेळात त्याच्या पुढे.

आणि मग व्हायचं तेच झालं. पुढे जाण्याच्या नादात माझा हात डावीकडे गेला, त्याचा उजवीकडे आला, आणि दोन कोयते हवेत एकमेकांवर आपटले. ठिणगी उडाली. काडी पांढराफटक पडला. मीही.

शिट्टी वाजली, रांग थांबली. मुकादमाने माझा कोयता मागून घेतला, बोट फिरवलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"धार उलटी लावून आणलीस?"

"हात उलटा आहे म्हणून."

"कापतेस चांगलं. पण रांगेत कुठे घालू तुला? आज कान वाचला, उद्या बोटं जातील." तो खरोखरच विचारात पडला होता, आणि त्याच्या विचारात मला गच्चीवरचा पत्रा दिसायला लागला. कापता येतं, तरी जागा नाही! हसावं की रडावं कळेना. शेवटी त्याने हात झटकला. "जा, डाव्या टोकाला जा, शेवटच्या माणसाच्याही पलीकडे. तिकडे तुझ्या डावीकडे फक्त रान आहे. कापशील तर झाडालाच कापशील. संध्याकाळी बघू काय ते."

डावं टोक ही टोळीत शिक्षेची जागा. काटे जास्त, सावली कमी, आणि मागून शेपटीमामांचं कण्हणं ऐकत काम करायचं. मी मान खाली घालून तिकडे गेले आणि कापायला लागले. उजव्या हाताने धर, डाव्याने घाव, उजव्याने फेक. संध्याकाळपर्यंत कुणाकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. मनात एकच हिशेब चालू होता, की नकार मिळाला तर घरी कुठल्या तोंडाने सांगायचं.

बऱ्याच वेळाने मुकादमाचा आवाज आला. "मामा! आकडी टेकवून उभे काय? वरातीला आलात?"

"मग करू काय?" मामा म्हणाले. "ओढायला काही नाहीच. तुमच्या मिशा ओढू?"

मी मागे वळून बघितलं. माझ्या मागे पट्ट्याची डावी कड आखल्यासारखी स्वच्छ पडली होती. रानात एक काटकी नाही. मी उजव्या हाताने फेकत होते, म्हणजे सगळं पट्ट्याच्या आत पडत होतं, थेट ढिगाच्या वाटेवर. हे मी काही ठरवून केलं नव्हतं. माझा हातच तसा होता.

मुकादम त्या कडेने सकाळच्या खुणेपर्यंत चालत गेला. मधे दोनदा रानाकडच्या बाजूला वाकून बघितलं. परत आला तेव्हा त्याने शिट्टी तोंडातून काढली होती. त्याचा खरा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. जाड, घोगरा होता, जरा लाजलेला.

"इतकी वर्षं मी एक माणूस नुसता मागे वाकवून चालवला," तो मामांना म्हणाला. "उद्या कोयता घेऊन रांगेत या. मधली जागा रिकामी आहे."

मामांनी हळूहळू पाठ सरळ केली, कमरेवर हात ठेवून. ती पुरती सरळ झाली नाही, पण ते वर आभाळाकडे बघून हसत होते.

मग मुकादम माझ्याकडे वळला. "उलटी आहेस, पण कामाची आहेस. डावं टोक आजपासून तुझं. खोलीचं मी कळवतो वर."

मी हो म्हटलं, इतकं हळू की त्याला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. नंतर झुडपाआड तोंड करून पोटभर रडून घेतलं. काडीने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

घरी आले तर नवरा दारात उभा. मी चपला काढायच्या आधीच म्हटलं, "खोली राहिली."

तो तिथेच पायरीवर बसला. डाव्या हाताने त्याने उजवा खांदा धरला. मी शेजारी बसले. मग त्याने विचारलं, "दमलीस? मधली पट्टी दमवते. मधे खडक जास्त."

"मधे नव्हते. मामा उभे राहणार आता मधे. मला डाव्या टोकाला दिलंय."

"डाव्या? तिथे तर कापलेलं सगळं बाहेर पडतं."

"तुम्हा उजव्यांचं पडतं." मी दोन काटक्या जमिनीवर ठेवल्या आणि त्याला दाखवलं, तुम्ही कसे फेकता, मी कशी फेकते, कचरा कुठे जातो. तो बघत होता. एकदा त्याने स्वतः काटक्या उचलून तेच करून बघितलं, आधी एका हाताने, मग दुसऱ्या. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. वाईटही वाटत होतं त्याला, आणि ते तो लपवत नव्हता.

"म्हणजे माझी जागा तुला मिळालीच नाही," तो म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "माझी मिळाली."